एका ग्रंथीची दोन औषधे

कंठाच्या पुढील भागी श्वासनलिकेला बिलगून असलेल्या अवटुग्रंथीचे, म्हणजे घरोघरी आज ज्याला नुसते ‘थायरॉइड’ म्हणतात त्या अवयवाचे, शरीरात प्रयोजन तरी काय, हे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत वैद्यकाला उमगले नव्हते. १८७३ साली लंडनचे सर विल्यम गल यांनी प्रौढ स्त्रियांच्या एका विलक्षण विकाराचे वर्णन केले, ज्यात चेहरा सुजट होतो, वाणी जड होते आणि बुद्धी व हालचाल दोन्ही मंदावतात. त्याचे कारण मात्र शल्यवैद्यांच्या हातून, आणि तेही रुग्णांच्या दुर्दैवाने, उघड झाले. स्वित्झर्लंडच्या डोंगरी मुलखात गलगंडाचा उपद्रव पिढीजात होता. जिनीव्हाचे रेव्हर्दां व बर्नचे कोखर यांनी, गलगंडामुळे ज्यांची अवटुग्रंथी समूळ काढली होती अशा रोग्यांची १८८२-८३ च्या सुमारास फेरतपासणी केली, तेव्हा शस्त्रक्रियेतून सुखरूप उठलेली ही माणसे गल यांच्या रुग्णांसारखीच सुजट व मंद झालेली आढळली.

मग १८९१ साली न्यूकॅसलच्या जॉर्ज मरे या तरुण डॉक्टरांनी मेंढीची ताजी ग्रंथी बारीक चिरून ग्लिसरीन व कार्बॉलिक ॲसिडच्या पाण्यात भिजत घातली, तो अर्क हातरुमालातून पिळून काढला आणि शेहेचाळीस वर्षांच्या एका रुग्ण स्त्रीला त्वचेखाली टोचला. ती बाई पुढे अठ्ठावीस वर्षे जगली आणि १९१९ मध्ये चौऱ्याहत्तराव्या वर्षी वारली. तेवढ्या मुदतीत तिच्यासाठी ८७० हून अधिक मेंढ्यांच्या ग्रंथी खर्ची पडल्याची नोंद मरे यांनीच करून ठेवली आहे. उपचार थांबविला असता तर व्याधी परतली असती. शरीराला जे द्रव्य निर्माण करता येत नाही ते नित्य आणि पुरेशा मात्रेत बाहेरून पुरवावे लागते, हे त्या नोंदीचे मर्म.

तीच मेंढीची ग्रंथी होमिओपॅथीच्या भांडारातही ‘थायरॉइडिनम’ या नावाने दाखल झाली, आणि जॉन हेन्री क्लार्क यांच्या विसाव्या शतकारंभीच्या औषधकोशात तिला स्थान मिळाले. समलक्षणी औषध अत्यल्प मात्रेत द्यावे, हा होमिओपॅथीचे प्रवर्तक हानेमान यांचा सिद्धान्त. त्यांच्या संग्रहात भाजलेला सागरी स्पंजही होता, जो युरोपातील वैद्य गलगंडावर मध्ययुगापासून देत आले होते. त्या स्पंजात गुण होता तो आयोडीनचा; १८११ मध्ये कूर्त्वा यांना समुद्रशैवालाच्या राखेत हे मूलद्रव्य सापडले, १८२० मध्ये क्वांदे यांनी ते गलगंडावर योजले आणि १८९५ मध्ये बाउमान यांना ते खुद्द अवटुग्रंथीतच आढळले. परंतु होमिओपॅथीच्या रीतीने शंभरपट विरलीकरण तीस वेळा केले म्हणजे मूळ द्रव्याचा एक भाग एकावर साठ शून्ये इतक्या भागांत मिसळतो, आणि बाराव्या विरलीकरणाच्या पुढे तर त्याचा एखादा रेणूही उरण्याची आशा फारशी नसते. होमिओपॅथ रोग्याची कर्मकहाणी सावकाशपणे ऐकतात, त्याच्या झोपेची, भीतीची, थंडी-उष्म्याची विचारपूस करतात, हा गुण मी मनापासून मोठा मानतो. तथापि अशा औषधाने संप्रेरकाची उणीव भरून निघते, असे विश्वसनीय चाचण्यांत सिद्ध झालेले नाही, आणि जे द्रव्य उरलेच नाही ते उणीव कशी भरील, हा प्रश्न मला टाळता येत नाही.

दुसरीकडे १९१४ च्या नाताळाच्या दिवशी अमेरिकेत केंडॉल यांनी ग्रंथीतून थायरॉक्सिन हे तिचे संप्रेरक स्फटिकरूपात वेगळे केले आणि १९२७ पर्यंत हॅरिंग्टन व बार्जर यांनी ते प्रयोगशाळेत घडविलेही. आज सकाळी उपाशीपोटी घेतली जाणारी छोटी गोळी याच परंपरेतली.

महाराष्ट्रात होमिओपॅथीचे दवाखाने गावोगावी आहेत आणि तेथे विश्वासाने जाणारी माणसे माझी आप्तच आहेत. त्यांना माझी कळकळीची विनंती एवढीच, की थायरॉक्सिनची गोळी कोणाच्याही सांगण्यावरून परभारे बंद करू नये, रक्तातील टीएसएच (अवटुग्रंथीला चालना देणारे संप्रेरक) तपासून मात्रा डॉक्टरांकडूनच ठरवून घ्यावी, आणि घरात गर्भवती स्त्री अथवा नवजात बालक असल्यास या बाबतीत एक दिवसाचीही दिरंगाई करू नये.