कोल्हापूरच्या राजकारणातील घोषणा

कोल्हापूर जिल्ह्यातील निवडणूक घोषणा म्हणजे बोलीतील शब्द, यमक व सर्वनामे यांच्या आधारे स्वतःची आणि प्रतिपक्षाची प्रतिमा घडवणारी प्रचारभाषा होय. येथील राजकारणात पक्षाइतकेच, किंबहुना अधिक, महत्त्व गटाला असल्याने गाजलेल्या घोषणांत पक्षाचे नाव सहसा आढळत नाही. लोकसभेप्रमाणेच दूध संघ व साखर कारखान्यांच्या निवडणुकांतही अशा घोषणा दिल्या जातात.

'आमचं ठरलंय'

२०१९ च्या लोकसभा निवडणुकीत काँग्रेस व राष्ट्रवादी काँग्रेस यांची आघाडी होती. तरीही काँग्रेसचे सतेज पाटील यांनी आघाडीचे उमेदवार धनंजय महाडिक यांच्याऐवजी शिवसेनेचे संजय मंडलिक यांना पाठबळ दिले. त्या वेळी 'आमचं ठरलंय' ही घोषणा गाजली. काय ठरले व कोणाविरुद्ध, याचा तीत उच्चार नाही. मराठीतील 'आपण' या सर्वनामात ऐकणाराही सामावतो; 'आम्ही' म्हणताच तो बाहेर राहतो. त्यामुळे या दोन शब्दांनी पक्षाची सीमा ओलांडून गटाची सीमा आखली. मंडलिक सुमारे २ लाख ७० हजार मतांनी विजयी झाले.

त्याच वर्षी मुख्यमंत्रिपदाच्या प्रश्नावर भाजप व शिवसेनेच्या नेत्यांनीही हेच शब्द वापरले. विधानसभेच्या निकालानंतर मात्र नेमके काय ठरले होते, यावरूनच दोन्ही पक्षांत फूट पडली.

सहकारातील घोषणा

२०२१ मध्ये 'गोकुळ' दूध संघाच्या निवडणुकीत 'ठरलंय'ला 'गोकुळ उरलंय' असे यमक जोडले गेले आणि महाडिक गटाची सत्ता गेली. २०२३ मध्ये राजाराम साखर कारखान्याच्या निवडणुकीत पाटील गटाने 'कंडका पाडायचा' ही घोषणा दिली. कंडका पाडणे म्हणजे एकदाचा निकाल लावणे. तेथे मात्र महाडिक गटाने सत्ता राखली.

'मान गादीला, मत मोदीला'

२०२४ मध्ये काँग्रेसतर्फे शाहू छत्रपती उभे राहिले. छत्रपतींच्या गादीवर टीका करणे कोल्हापुरात अवघड असल्याने महायुतीने 'मान गादीला, मत मोदीला' असे म्हणून आदर आणि मत यांची फारकत केली. 'मान गादीला, मतही गादीला' हे त्याला मिळालेले उत्तर होते. प्रचारात मंडलिक यांनी शाहू छत्रपतींच्या दत्तक असण्याचा उल्लेख केला. त्यावरून वाद झाला. राजर्षी शाहू महाराजही १८८४ मध्ये दत्तक आले होते. शाहू छत्रपती सुमारे दीड लाख मतांनी निवडून आले.

एका कृतीची दोन नावे

जून २०२२ मध्ये शिवसेना फुटल्यावर एकाच कृतीला एका बाजूने 'गद्दारी' तर दुसऱ्या बाजूने 'उठाव' म्हटले. जिल्ह्यातील खासदार संजय मंडलिक व धैर्यशील माने हे शिंदे गटात गेल्याने हा शब्दसंघर्ष येथेही उमटला. 'पन्नास खोके, एकदम ओके' या विरोधकांच्या घोषणेत आरोप होता, पण त्याचा कर्ता नव्हता. आरोप कोणावर, हे ऐकणाऱ्यानेच ओळखायचे होते.

स्वरूप

या घोषणांत स्वपक्षाची बाजू निश्चयाच्या किंवा निष्ठेच्या शब्दांत येते, प्रतिपक्षाचा निर्देश बहुधा अप्रत्यक्ष असतो. मोघमपणामुळे घोषणा दूरवर पोहोचते. मात्र त्याच मोघमपणामुळे दिलेल्या शब्दाचा जाब विचारणे मतदाराला कठीण जाते.