एकोणतिसावा सिद्धान्त

युक्लिडच्या 'मूलतत्त्वे' या ग्रंथाच्या प्रथम खंडात ४८ सिद्धान्त आहेत. त्यांचा क्रम हाच त्यांच्या परस्परसंबंधांचा आराखडा होय. सिद्धतेत आधार घ्यावयाचा तो व्याख्या, गृहीतके आणि पूर्वसिद्ध विधाने यांचाच. दोन रेषांना छेदणारी रेषा ज्या बाजूस दोन काटकोनांहून कमी बेरजेचे आंतरकोन करते, त्या बाजूस त्या रेषा मिळतात, हे पाचवे गृहीतक. पहिल्या २८ सिद्धान्तांना त्याची गरज पडत नाही. समांतर रेषांच्या व्युत्क्रम कोनांविषयीच्या २९ व्या सिद्धान्तात ते प्रथमच येते.

त्रिकोणाच्या कोणत्याही दोन कोनांची बेरीज दोन काटकोनांहून कमी असते, हा १७ वा सिद्धान्त वस्तुतः या गृहीतकाचा व्यत्यास. व्यत्यास सिद्ध होतो, मग मूळ विधान का होऊ नये, असे पाचव्या शतकात प्रोक्लसने विचारले. आक्षेप समर्पक भासतो खरा. परंतु विधान व व्यत्यास यांचे आधार भिन्न असू शकतात, हे त्यात निसटले.

साक्केरीने १७३३ मध्ये गृहीतक नाकारून विसंगती शोधली. लोबाचेव्हस्की (१८२९) व बोल्यॉय (१८३२) यांनी त्याच नकारावर नवी भूमिती उभारली. मात्र ती विसंगत नाही, याची सिद्धता त्यांच्यापाशी नव्हती. बेल्त्रामीने १८६८ मध्ये तिला युक्लिडीय भूमितीतच प्रतिरूप दिले, तेव्हा पाचव्या गृहीतकाचे स्वातंत्र्य प्रस्थापित झाले.

दुसरा एक आधार तर आराखड्यात नोंदलेलाच नव्हता. पहिल्याच सिद्धान्तात दोन वर्तुळे परस्परांस छेदतात असे युक्लिड धरून चालतो. ते कोणत्याही गृहीतकातून निघत नाही.