डेल्को की एसी पंप?

जुन्या पेट्रोल जीपची दुरुस्ती करणाऱ्या गॅरेजात दोन शब्द हमखास कानांवर पडतात. एक 'डेल्को' आणि दुसरा 'एसी पंप'. डेल्को म्हणजे इंजिनाच्या प्रत्येक सिलिंडरला पाळीपाळीने करंट वाटून देणारी काळ्या टोपीची डबी. पुस्तकातले तिचे नाव डिस्ट्रिब्यूटर. एसी पंप म्हणजे टाकीतले पेट्रोल ओढून कार्बुरेटरला पोचवणारा पंप. या 'एसी'चा प्रत्यावर्ती विद्युतप्रवाहाशी किंवा गाडी गार करण्याशी काही संबंध नाही. दोन्ही नावे दोन उद्योगांची आहेत, आणि घाटात जीप बंद पडली की पहिला संशय या दोघांवरच येतो.

पहिला उद्योग चार्ल्स केटरिंग यांचा. अमेरिकेतील ओहायो राज्यातले हे गृहस्थ तरुणपणी काही काळ शाळामास्तर होते. इंजिनियर झाल्यावर १९०९ साली त्यांनी एडवर्ड डीड्स यांच्यासह 'डेटन इंजिनियरिंग लॅबोरेटरीज कंपनी' काढली. त्या लांबलचक नावाचे लघुरूप म्हणजे डेल्को. १९१० सालच्या कॅडिलॅक मोटारींत त्यांची बॅटरीवर चालणारी प्रज्वलन-यंत्रणा बसली.

जीपची मूळची बॅटरी अवघ्या ६ व्होल्टची. एवढ्यावर स्पार्क प्लगच्या फटीत ठिणगी उडणे शक्य नाही. केटरिंग यांच्या रचनेत बॅटरीचा प्रवाह कॉइलमधल्या जाड तारेच्या वेटोळ्यातून वाहतो आणि डेल्कोतले 'पॉइंट' उघडताच एकदम तुटतो. चुंबकीय क्षेत्र कोसळते आणि शेजारच्या बारीक तारेच्या हजारो वेढ्यांत हजारो व्होल्टचा दाब निर्माण होतो. फॅरडे यांनी १८३१ साली शोधलेले विद्युतचुंबकीय प्रवर्तन आपण वर्गात शिकवतो, ते हेच. चार सिलिंडरचे इंजिन मिनिटाला २००० फेरे घेत असेल, तर हा प्रयोग मिनिटाला ४००० वेळा होतो! पॉइंटांना समांतर जोडलेला अंगठ्याएवढा कंडेन्सर, म्हणजे आपला विद्युतधारक, यात मोलाचे काम करतो. तो नसेल तर प्रवाह झटक्यात तुटत नाही, पॉइंटांच्या फटीतच ठिणग्या उडतात, पॉइंट जळतात आणि प्लगला मिळणारा करंट मरतुकडा होतो.

दुसरा उद्योग अल्बर्ट शॅम्पियन यांचा. हे मूळचे फ्रेंच सायकलपटू. १८९९ साली त्यांनी पॅरिस–रुबे ही प्रसिद्ध शर्यत जिंकली होती. पुढे अमेरिकेत जाऊन ते स्पार्क प्लग बनवू लागले. 'एसी' ही त्यांच्या नावाची आद्याक्षरे. १९२७ साली ते वारले, पण त्यांच्या कंपनीचे पंप जगभर पसरले.

आता जीपकडे वळू. १९४० साली अमेरिकी लष्कराने चारही चाकांना शक्ती देणाऱ्या हलक्या गाडीची मागणी केली. बँटम कंपनीने पहिला नमुना दिला, आणि युद्ध संपेपर्यंत मुख्यतः विलीज व फोर्ड या कंपन्यांनी सहा लाखांहून अधिक जीपगाड्या बनवल्या. आजच्या साऱ्या 'एसयूव्ही'ची ही आजी. गंमत अशी, की युद्धकाळातल्या जीपचा पंप खरोखरच एसी कंपनीचा होता, पण डिस्ट्रिब्यूटर होता ऑटो-लाइट या वेगळ्याच कंपनीचा. आपल्या मिस्त्रींनी तरीही त्याला डेल्कोच म्हटले. वनस्पती तूप कोणत्याही कंपनीचे असो, घरात ते 'डालडा'च असे, तसेच हे.

१९४० च्या दशकाच्या अखेरीस महिंद्र कंपनीने मुंबईत विलीजच्या सुट्या भागांपासून जीप जुळवायला सुरुवात केली. १९५२ साली सामूहिक विकास योजना आली आणि गटविकास अधिकाऱ्यांची जीप धुळीच्या रस्त्यांवर दिसू लागली. ही जीप उन्हाळ्यात वाईहून पाचगणीकडे पसरणीचा घाट चढते आहे असे समजा. खालचा गिअर, इंजिन जोरात, वेग मात्र कमी, त्यामुळे वारा लागत नाही. निम्म्या घाटात जीप आचके देते आणि थांबते. चालक बोनेट उघडतो, पंपावर ओले फडके टाकतो, झाडाखाली बसतो. वीस मिनिटांनी जीप सुरू होते. निदान ठरले: पेट्रोलची वाफ झाली होती, ओल्या फडक्याने काम केले.

हे निदान बरोबर असू शकते. पेट्रोल हे अनेक द्रवांचे मिश्रण आहे. त्यातले सर्वांत हलके घटक ३५ अंश सेल्सिअसच्या आसपासच उकळू लागतात. शिवाय जीपचा पंप पेट्रोल ओढतो, म्हणजे त्याच्या अलीकडच्या नळीत दाब कमी होतो आणि उत्कलनबिंदू आणखी उतरतो. (जाड पिचकारीत सुमारे ७० अंशांचे पाणी थोडेसे घ्या, तोंड बंद करून दट्ट्या ओढा. पाणी उकळताना दिसेल. हात मात्र सांभाळा.) भरीला जीपचा पंप आणि धुराचा तापलेला मॅनिफोल्ड इंजिनाच्या एकाच बाजूला आहेत. नळीत वाफेचा बुडबुडा धरला की पंपाचा पडदा ती वाफच दाबत आणि सोडत राहतो, पेट्रोल पुढे सरकत नाही.

पण तापल्यावर कंडेन्सरही दगा देतो. जुन्या कंडेन्सरचे विद्युतरोधक गरम झाले की गळू लागते, गार झाले की पुन्हा धड होते. तिसरा संशयित तर फुकटातला आहे: टाकीचे झाकण. त्यातले बारीक छिद्र धुळीने बुजले, तर पेट्रोल जाते पण त्याची जागा घ्यायला हवा आत येत नाही. टाकीत निर्वात होत जातो, पंप हरतो. थांबून राहिल्यावर हवा हळूहळू झिरपते आणि जीप सुरू होते.

तिघांची लक्षणे अगदी सारखी, आणि तिघांवरही वीस मिनिटांची विश्रांती गुणकारी! चालकाने दोन गोष्टी एकाच वेळी केल्या, पाणीही टाकले आणि वाटही पाहिली. जीप कशाने बरी झाली हे त्याला कळायला मार्गच उरला नाही. वर्गात एखाद्याने खत आणि ऊन दोन्ही एकदम वाढवले, तर आपण त्याला परत पाठवतो. इथे मात्र ओले फडके पिढ्यान् पिढ्या औषध ठरले, आणि कितीएक चांगले पंप विनाकारण बदलले गेले असतील.

जाणता मिस्त्री म्हणूनच वाट पाहत नाही, कारण इंजिनाबरोबर पुरावाही गार होतो. थांबल्याबरोबर तो टाकीचे झाकण उघडतो. 'फुस्स' आवाज येऊन हवा आत गेली, तर छिद्र साफ केले की झाले. आवाज नसेल तर एअर क्लीनर काढून कार्बुरेटरात डोकावतो आणि अ‍ॅक्सिलरेटरची दांडी ओढतो. पेट्रोलची धार दिसली, तर एसी पंप बहुधा निर्दोष. मग क्लीनर परत बसवून, पेट्रोल कुठे सांडलेले नाही हे पाहून, डेल्कोच्या टोपीतली मधली वायर रबरी पकडीने इंजिनाच्या धातूपासून पाच-सहा मिलिमीटरवर धरतो आणि गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून कोणाला तरी स्टार्टर मारायला सांगतो. ठिणगी निळी आणि कडकडीत हवी. पिवळी, अशक्त असेल किंवा उडतच नसेल, तर कंडेन्सर बदलायचा, पॉइंट घासून फट ०.०२० इंच, म्हणजे सुमारे अर्धा मिलिमीटर ठेवायची. ठिणगी उत्तम पण धार नाही, असे असेल तर मात्र ओले फडके खुशाल टाकावे. घरी परतल्यावर नळी मॅनिफोल्डपासून दूर वळवावी आणि पंपाचा पडदा तपासावा.

अमेरिकी लष्करासमोर हाच प्रश्न मोठ्या प्रमाणावर होता. लाखो जीपगाड्या आणि त्या चालवणारी नवखी पोरे. १९४४ च्या जीप-पुस्तिकेत लक्षण आणि संभाव्य कारणे मांडणारा स्वतंत्र भाग होता. पण तक्ते वाचतो कोण? विल आयस्नर या व्यंगचित्रकाराने लष्करी मासिकात 'जो डोप' नावाचा वेंधळा सैनिक रंगवला, जो देखभालीत सगळ्या चुका करी. १९५१ साली निघालेल्या 'पीएस' या देखभाल-मासिकातही आयस्नर यांनी बरीच वर्षे हे काम केले. आपल्याकडे ही विद्या बहुतांशी कागदाविना, उस्तादाकडून पोऱ्याकडे गेली. जे पोऱ्या पाहू शकला तेच टिकले. फडके टाकणे दिसते, आधी ठिणगी का पाहिली हे दिसत नाही.

आजच्या पेट्रोल गाड्यांत विजेचा पंप टाकीतच असतो. तो ओढत नाही, ढकलतो. नळीतला दाब वाढतो, उत्कलनबिंदू चढतो आणि वाफेची अडचण जवळजवळ नाहीशी होते. पॉइंट आणि कंडेन्सरही गेले. १९९६ पासून अमेरिकेतल्या नव्या मोटारींना दोष-संकेत देणारी प्रमाणित यंत्रणा सक्तीची झाली, आणि पुढे ती आपल्याकडेही आली. संगणक संकेतांक दाखवतो: अमुक सिलिंडरमध्ये ज्वलन चुकते आहे. ते ठिणगीअभावी की इंधनाअभावी, हे शोधायला मिस्त्रीला अजूनही बोनेट उघडावेच लागते.