बत्ती आणि बॅटरी

सरावलीहून समुद्राकडे गेलें म्हणजे तारापूरचा जुना किल्ला लागतो. १७३९ च्या जानेवारींत चिमाजीअप्पांच्या फौजेनें तो पोर्तुगीजांकडून घेतला. त्या हल्ल्यांत बाजी भिवराव रेठरेकर कामास आले. पुढें मे महिन्यांत वसईच्या तटाखालीं मराठ्यांनीं सुरुंग पेरले. कांहीं वेळेवर उडाले, खिंडार पडलें व लोक आंत घुसले. तोंच मागें राहिलेले सुरुंग त्यांच्याच पायांखालीं उडाले. बत्ती एकदां पेटली कीं ती परत बोलावतां येत नाहीं, आणि ती विझली कीं आंत धुमसत आहे हें बाहेरून कळत नाहीं.

हा दोष दूर करण्यास वीज उपयोगी पडली. शंभर वर्षांनीं, १८३९ मध्यें, कर्नल पॅस्ले यांनीं पोर्टस्मथजवळ बुडालेल्या ‘रॉयल जॉर्ज’ जहाजाचे अवशेष फोडतांना पाण्याखालचे बार बॅटरीनें उडविण्यास आरंभ केला. तारा जोडल्यावांचून बार उडत नसे. १९५७ सालीं अमेरिकेंत हॅरी स्टाइन यांनीं हौशी अग्निबाणविद्येस संघटित रूप दिलें, तेव्हां बत्तीऐवजीं दुरून विजेनें पेटविणें हाच तिचा पाया ठरला. बाण न उडाल्यास किल्ली काढून साठ सेकंद थांबावें, असा तेथील नियम आहे.

मोठ्या हौशी अग्निबाणांत मात्र आणखी एक बॅटरी बाणाच्या पोटांतच असते. उंची मोजणारें यंत्र शिखर गांठतांच तिच्या बळावर दारूचा लहानसा बार उडवून हवाई छत्री बाहेर काढतें. जमिनीवर तें यंत्र अवेळीं जागें झालें, तर बार जोडणाऱ्याच्या तोंडावर उडेल. आकाशांत बॅटरी दुबळी ठरली, तर बाण तसाच खालीं कोसळेल. म्हणून बॅटरी किती वेळ टिकेल एवढेंच पाहून भागत नाहीं. क्षणभर मोठा प्रवाह देतांना तिचा दाब ढासळला, तर यंत्र मध्येंच बंद पडतें. उड्डाणाच्या हिसक्यानें सैल सांधे सुटतात. लिथियमची बॅटरी प्रवाह भरपूर देते, परंतु चेंबली तर स्वतःच पेट घेते.

खटक्याचा नियम याहून कडक आहे. बाण सोडण्याच्या जागीं उभा होईपर्यंत बारांकडे जाणारी वीज तोडलेलीच असावी. उड्डाण रद्द झाल्यास खटका आधीं बंद करावा, मगच बाण खालीं उतरवावा.

वसईच्या तटाखालीं असा एखादा खटका असता, तर खिंडारांत शिरलेले कित्येक शिपाई जिवंत परतते.