बंगल्यामागची चूल

खडकी आणि पुणे कॅम्पातल्या जुन्या बंगल्यांच्या मागे, आवाराच्या टोकाला, अजून कुठेकुठे एक बैठी कौलारू खोली दिसते. आतले वासे काळेकुट्ट. लोक तिला नोकराची खोली समजतात, पण तो बंगल्याचा बावर्चीखाना. माझ्या आजोबांनी 1947 पर्यंत अशाच एका खोलीत रांधलं.

1817 च्या लढाईनंतर खडकीला छावणी वसली. सुरुवातीचे बंगले बहुतेक गवतानं शाकारलेले, तेव्हा चैत्र-वैशाखात एक ठिणगी उडाली तरी घर जायचं. म्हणून चूल घरापासून तोडली. पुढे 1865 मध्ये मंगळूरला बासेल मिशनचा कौलांचा कारखाना निघाला, हळूहळू कौलं सगळीकडे पोचली, आगीची धास्ती ओसरली. स्वयंपाकघर मात्र होतं तिथेच राहिलं. धूर, तळणाचा वास, कोंबड्यांची पिसं आणि तिथे राबणारी माणसं हे सगळं साहेबाला लांबच बरं वाटत होतं. आपल्या वाड्यांतही स्वयंपाकघर मागे असे, पण ते माजघराला लागून, घराच्या सोवळ्यात.

आमचं गाव दापोलीकडचं. पणजोबा पलटणीत होते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला सरकारनं महारांची भरती बंद केली आणि पेन्शनीवर वाढलेल्या घरांतली पोरं गिरणीत, गोदीत, रेल्वेत शिरली. काही बंगल्यांवर गेली. मुंबई इलाख्यात तिथले स्वयंपाकी पुष्कळसे गोव्याचे ख्रिस्ती, काही मुसलमान, काही आमच्यातले. गाईचं नि डुकराचं मांस शिजवायला सवर्ण हिंदू येणार नव्हता. गावात आजोबांना विहिरीच्या काठाशी उभं राहू देत नसत आणि इथे मडमा त्यांच्या हातचं सूप पीत होत्या. 20 मार्च 1927 ला बाबासाहेबांनी महाडच्या चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं. त्या रविवारी साहेबाकडे जेवायला पाहुणे होते, म्हणून आजोबांना जाता आलं नाही. ही खंत त्यांनी मरेपर्यंत बोलून दाखवली.

खोलीत कमरेइतका विटांचा ओटा, त्यात ओळीनं कोळशाच्या चुली, खाली राख ओढायला खाच. नळ नव्हता, पाणी भिस्त्याच्या पखालीतलं. ओव्हनही नव्हता, तरी केक, पाय, पुडिंग आठवड्यातून कितीदा तरी लागे. आजोबा जाड बुडाच्या तांब्याच्या डेगचीत तळाला वाळू पसरत, त्यावर साचा ठेवत, काठाचं झाकण घालून झाकणावर निखारे रचत. खाली थोडे, वर जास्त, नाहीतर बूड करपतं आणि माथा कच्चा राहतो. आच मोजायला तळहात निखाऱ्यांवर वीतभर उंच धरायचा आणि आकडे म्हणायचे. पाचाला हात ओढून घ्यावा लागला तर आच केकला जास्त. दहा म्हणून झाले तर पुडिंगला बरोबर. डेगच्यांना कल्हई नीट हवी. ती उडाली की तांबं उघडं पडतं, आंबट पदार्थ कळकतो. कल्हईवाला आला की आजोबा स्वतः शेजारी बसत, नवसागराचा धूर सोसत, आणि कथील काठापर्यंत फिरलंय ना ते बघूनच भांडं ताब्यात घेत.

सगळ्यात अवघड होती ती चाळीसेक पावलांची वाट. वर पत्रा, बाजू उघड्या, पावसाळ्यात आडवी झड. जेवण टेबलावर गार पोचलं की बोलणी स्वयंपाक्याला. म्हणून ताटल्या आधी तापवायच्या, पत्र्याच्या पेटीत तळाला निखारे घालून त्यात वाढलेली भांडी न्यायची, आणि फुगवलेला पदार्थ आधीच्या ताटल्या परत आल्याशिवाय उतरवायचाच नाही. मद्रासच्या कर्नल केनी-हर्बर्टनं 1878 च्या आपल्या पाकपुस्तकात हिंदुस्थानातल्या बंगल्यांच्या स्वयंपाकघरांवर वेगळं प्रकरण लिहिलं. गोऱ्या गृहिणींसाठी 1888 मध्ये निघालेल्या फ्लोरा ॲनी स्टील आणि ग्रेस गार्डिनर यांच्या पुस्तकानं मात्र नोकराला लहान मूल समजून वागवायला शिकवलं, रोज स्वयंपाकघर तपासायला सांगितलं. मला याचा अजून राग येतो. चूल लांब नेली मालकानं, ओटा बांधला मालकानं, पाणी दिलं मोजून, आणि तपासणी आजोबांची. त्या खोलीत जे जमून येत होतं ते कसब होतं, आणि त्या कसबाला कुठल्याच पुस्तकात आमच्या माणसाचं नाव नाही.

साहेब गेले. नवे मालक आले, त्यांनी स्वयंपाक मागच्या व्हरांड्यात घेतला. बाहेरच्या खोल्यांत कुठे मोटार उभी राहिली, कुठे भाडेकरू. आजोबांनी निघताना मोठी डेगची मागून घेतली. आजी ती घरच्या शेगडीवर चढवी. कॅरमल पुडिंग आमच्याकडे 14 एप्रिलला होतं. आता गॅस आहे, ओव्हनही आहे, पण त्या दिवशी माझी सून अंगणात कोळसे पेटवते आणि झाकणावर हात धरून दहापर्यंत आकडे म्हणते.