खामगावात सेटलर कुठं बसवाल?

‘सिव्हिलायझेशन’ या गेमचा पहिला टर्न निवांत वाटतो, पण पुढच्या शेकडो टर्नचं नशीब तिथंच ठरतं. तुमच्याकडे एक सेटलर आणि एक वॉरियर. भोवतीची थोडी षटकोनी घरं दिसतात, बाकी सगळा नकाशा धुक्यात. सेटलर म्हणजे गाव वसवणारी टोळी. ती जिथं बसेल तिथं राजधानी, आणि एकदा वसवलेलं शहर उचलून दुसरीकडे नेता येत नाही.

सिड मायरनं हा गेम १९९१ साली आणला. २०१६ मधली सहावी आवृत्ती पुढं फोनवरही आली. अशा खेळांना ‘फोर एक्स’ म्हणतात. हे नाव ॲलन एमरिक या समीक्षकानं १९९३ मध्ये दिलं. एक्सप्लोर, एक्सपांड, एक्सप्लॉइट, एक्सटर्मिनेट. आपल्या भाषेत : शोधा, पसरा, उपसा, संपवा.

मुरलेल्या खेळाडूंचे सुरुवातीचे नियम ठरलेले असतात. शहर नदीकाठी वसवा. सहाव्या आवृत्तीत गोडं पाणी असलेल्या शहराला घरांचे पाच गुण मिळतात, कोरड्या जागी दोनच. जवळ कापूस, रेशीम, मसाल्यासारखं चैनीचं पीक असेल तर उत्तम. दोन शहरं एकमेकांना खेटून नकोत. मी खामगावचा. हे नियम आमच्या भागाच्या खऱ्या नकाशाला लावून पाहिले, तर खामगाव जिथं आहे तिथं कुणीही सेटलर बसवणार नाही.

नकाशा असा आहे. उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला अजिंठ्याच्या रांगा आणि बुलढाण्याचं पठार, मधोमध पूर्णा नदीचं सपाट खोरं. माती काळीभोर. कुठलाही खेळाडू डोळे झाकून पूर्णेच्या काठावर बोट ठेवेल. पण गेमला एक गोष्ट माहीत नाही : खारपाणपट्टा. अकोला, अमरावती आणि बुलढाणा जिल्ह्यांत पूर्णेच्या दोन्ही अंगांना पसरलेल्या या पट्ट्यात जमिनीखालचं पाणी खारं आहे. विहीर खणली तरी ते पाणी प्यायला आणि ओलिताला कामाचं नाही. गेममध्ये नदी म्हणजे गोडं पाणी, विषय संपला. इथं नदी दिसते आणि लोक तहानलेले राहतात.

खामगाव या सपाटीच्या दक्षिण कडेला, डोंगराच्या बाजूनं आहे. जुन्या वऱ्हाडाचे दोन भाग मानत : खालचा सखल पाइनघाट आणि वरचा पठाराचा बालाघाट. चिखली-मेहकरकडचा माल घाट उतरून खाली यायचा आणि सपाटीवरचा माल वर जायचा. ही देवघेव जिथं सोयीची पडे, तिथं बाजार भरला. म्हणजे खामगावचं भांडवल पायाखालच्या जमिनीपेक्षा वाटांमध्ये जास्त होतं. सहाव्या आवृत्तीत एक गोष्ट मला म्हणूनच फार पटते : सुरुवातीचे रस्ते राजा बांधत नाही, व्यापाऱ्यांच्या येण्या-जाण्यानं ते आपोआप उमटतात. इथल्या वाटा अशाच लमाणांच्या बैलतांड्यांनी पाडल्या. रेल्वेच्या आधी वऱ्हाडातला कापूस बैलांच्या पाठीवरून थेट गंगेकाठच्या मिर्झापूरपर्यंत जायचा. १८२५-२६ च्या सुमारास विकाजी-पेस्तनजी या पारशी पेढीनं तो मुंबईला पाठवायला सुरुवात केली आणि मालाचं तोंड पूर्वेकडून पश्चिमेकडे वळलं.

आता धुक्याबद्दल. गेममध्ये स्काउट पुढं सरकतो तसं धुकं हटतं आणि खाली रिकामी जमीन सापडते. मध्येच एखादी वस्ती लागते. तुम्ही तिच्यावर पाय ठेवला की थोडं सोनं किंवा एखादी विद्या मिळते आणि वस्ती नकाशावरून गायब होते. तिथं राहणाऱ्यांचं पुढं काय झालं, हे गेम सांगत नाही.

१८५३ मध्ये निजामानं कर्जाच्या आणि फौजेच्या खर्चापोटी वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात दिला. तेव्हा या नकाशावर धुकं होतं ते फक्त इंग्रजांसाठी. इथल्या शेतकऱ्याला शेताचा बांध माहीत होता, लमाणाला घाट माहीत होता, सावकाराला सगळ्यांचं देणं माहीत होतं. मोजणीदार साखळ्या घेऊन हिंडले, शेतांना सर्व्हे नंबर पडले, प्रत्येक तुकड्याचा सारा ठरला. ज्याला आपण ‘शोध’ म्हणतो, तो बहुतेक वेळा दुसऱ्याला आधीच माहीत असलेली गोष्ट आपल्या वहीत उतरवणं असतं. आणि ज्याच्या वहीत नकाशा, त्याच्या हातात पुढची चाल.

ती चाल अमेरिकेतल्या एका युद्धानं लवकर घडवली. १८६१ ते १८६५ तिथं यादवी चालली आणि लँकेशायरच्या गिरण्यांना मिळणारा अमेरिकन कापूस आटला. वऱ्हाडच्या कापसाचे भाव भडकले. याच दशकात जीआयपी रेल्वे भुसावळकडून पुढं सरकत १८६७ मध्ये नागपूरला पोचली. ती मलकापूर, नांदुरा, जलंब, शेगाव, अकोला अशी खोऱ्याच्या सपाटीतून गेली. कापसाचा एवढा मोठा बाजार असलेलं खामगाव मात्र बाजूला राहिलं.

गेममध्ये शहर चुकीच्या जागी पडलं, तर खेळाडू चडफडतो आणि जुना सेव्ह उघडतो. इथं सेव्ह नव्हता, पण बाजाराला वजन होतं. मग जलंबपासून खामगावपर्यंत सुमारे तेरा किलोमीटरचा फाटा टाकला गेला. १८७० मध्ये खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो उद्घाटनाला आला. त्याच वर्षी मुंबई आणि लंडन समुद्राखालच्या तारेनं जोडले गेले. एका फाट्यासाठी व्हाइसरॉय येतो, यावरूनच त्या कापसाची किंमत कळते. आधी बाजार, मग नगरपालिका, मग रेल्वे, मग सरकी काढणारे जिनिंग आणि गाठी बांधणारे प्रेस. नियोजन बाजाराच्या मागून धावत आलं.

गेम जिथं सगळ्यात जास्त फसवतो, ती जागा म्हणजे कापसाचं घर. सहाव्या आवृत्तीत कापसाच्या घरावर सोन्याची तीन नाणी लिहिलेली असतात. पहिल्या टर्नला तीन, तीनशेव्या टर्नलाही ती तीन आहेतच. त्या घरावर कुणाला राबवायचं, हे खेळाडू ठरवतो. खऱ्या खामगावात या दोन्ही गोष्टी खोट्या ठरल्या. अमेरिकेतलं युद्ध संपलं आणि भाव कोसळले. माती तीच, पाऊस तोच, राबणारे हात तेच, फक्त आकडा दूर कुठंतरी बदलला.

राबणारा माणूसही सोंगटी नव्हता. इंग्रजांना लांब धाग्याचा ‘बनी’ कापूस हवा होता. तो टिकावा म्हणून सरकारनं कॉटन कमिशनर नेमले, खटपटी केल्या. शेतकरी मात्र आखूड धाग्याच्या ‘जरी’ कापसाकडे वळत राहिला, कारण तो जास्त पिकायचा आणि भरवशाचा होता. साहेबांच्या कागदांत याबद्दल कुरकुर आहे. मला त्यात शेतकऱ्याचा चोख हिशेब दिसतो.

पण हिशेब चोख असूनही धोका त्याच्याच माथी राहिला. १८९६-९७ आणि १८९९-१९०० च्या दुष्काळांत वऱ्हाड होरपळलं. रेल्वे होती, बाजार होता, पण हातात पैसा नसलेल्याला त्यांचा उपयोग किती? २००६ मध्ये पंतप्रधान मनमोहन सिंग यांनी शेतकरी आत्महत्यांमुळे विदर्भातल्या सहा जिल्ह्यांसाठी पॅकेज जाहीर केलं. त्यांत बुलढाणा होता. ज्या काळ्या मातीवर खेळाडू ‘इथंच वसव’ म्हणेल, तीच ही माती.

मुख्य मार्ग कुठून गेला, याचा परिणामही पुसला गेला नाही. नकाशा उघडलात तर खामगाव आजही फाट्याच्या टोकाला आहे. पुढं घाट चढून जालन्याला रेल्वे जावी, ही मागणी पिढ्यान्‌पिढ्या चालू आहे. दुसरीकडे, मार्गावरचं शेगाव १८७८ मध्ये तिथं प्रकटलेल्या गजानन महाराजांमुळे वाढलं. गेमच्या भाषेत एकाचं ‘गोल्ड’, दुसऱ्याचं ‘फेथ’. पण भक्त कुठल्या गावाला येतील, हे कुठल्याही सेटलरला पहिल्या टर्नला दिसलं नसतं.

मी हा गेम सोडलेला नाही. उलट त्यानंच मला आमच्या गावाकडे नकाशा म्हणून पाहायला लावलं. फक्त त्याच्या नियमांत मी तीन प्रश्न जोडलेत. तुमच्या गावालाही ते लावून बघा. इथलं पाणी खरंच पिण्याजोगं आहे का? नकाशा काढला गेला तेव्हा तिथं आधीपासून कोण राहत होतं? आणि त्या घरावरचा सोन्याचा आकडा कोण, कुठं बसून लिहितं?