ब-पंधराचे गोत्र

गेल्या वर्षी बेटम्याला माझ्या वर्गातील एका मुलाचे वडील एक पुडी घेऊन आले. पुडीत जरदाळूच्या कडू बिया होत्या आणि वर छापले होते : 'जीवनसत्त्व ब-१७'. त्यांच्या पत्नीला कर्करोग झालेला. "सर, इस्पितळाऐवजी हे चालेल का?" एवढेच त्यांनी विचारले. उत्तर एका शब्दाचे होते. परंतु ते त्यांना पटावे म्हणून मला या पुडीचे गोत्र सांगावे लागले.

जे शरीर स्वतः पुरेसे निर्माण करू शकत नाही, अन्नातून न मिळाल्यास ज्याच्या अभावी ठरावीक विकार जडतो आणि मिळताच तो हटतो, ते जीवनसत्त्व. १९४८ साली ब-१२ हाती आले आणि एका जीवघेण्या पांडुरोगावर उतारा सापडला. त्या काळात बाटलीवर 'ब' हे अक्षर दिसले की तिला आपोआप पत चढे.

ही पत अमेरिकेतील क्रेब्स पितापुत्रांच्या कामी आली. जरदाळूच्या बियांतून काढलेल्या द्रव्याला त्यांनी पँगॅमिक आम्ल हे नाव दिले. १९४३ साली अर्ज करून १९४९ साली त्याचे पेटंट मिळविले. (पेटंट म्हणजे गुणाचा दाखला, असा पुष्कळांचा समज असतो, तो खोटा आहे.) हेच ते 'ब-१५'. दमा, इसब, सांधेदुखी यांवर ते गुणकारी, असे प्रथम सांगितले गेले; पुढे विक्रेत्यांनी हृदयविकार, थकवा आणि वार्धक्यही त्यात घातले. सोविएत रशियात त्यावर बरेच लिहिले गेले, १९७० नंतर अमेरिकेत खेळाडूंनी ते घेतले. पण बाटल्या तपासल्या तेव्हा निरनिराळ्या बाटल्यांत निरनिराळी द्रव्ये निघाली! त्याच्या अभावी होणारा विकार तर कोणालाच दाखविता आला नाही. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने त्याला जीवनसत्त्व मानले नाही.

त्याच बियांतील अमिग्डॅलिनाशी नाते सांगणाऱ्या 'लेट्रिल' या औषधाला धाकट्या क्रेब्सने पुढे ब-१७ म्हटले. हुंझा खोऱ्यातील लोक जरदाळूच्या बिया खातात म्हणून त्यांना कर्करोग होत नाही, असा त्याचा प्रचार झाला.

या हुंझांची कीर्ती जगभर पसरविणाऱ्यांत आमच्या इंदूरचे एक संशोधक होते, हे थोड्यांनाच ठाऊक आहे. सर अल्बर्ट हॉवर्ड १९२४ ते १९३१ इंदूरच्या वनस्पती-संशोधन संस्थेचे संचालक होते. आज त्या जागी कृषी महाविद्यालय आहे. यशवंत वाड या सहकाऱ्यासह त्यांनी १९३१ साली कंपोस्ट खतावरील ग्रंथ प्रसिद्ध केला. गिलगिटला डॉक्टर म्हणून राहिलेल्या मॅककॅरिसन यांनी हुंझांच्या आरोग्याचे जे वर्णन केले होते, त्याचा आधार हॉवर्डांनी १९४० च्या ग्रंथात घेतला. मात्र दोघांचे लक्ष होते ते सकस जमीन, न सडलेले धान्य, भाजी, दूध आणि फळे यांवर. बियांतले एखादे गूढ सत्त्व त्यांनी कोठेच सांगितले नव्हते.

१९८२ साली १७८ कर्करुग्णांवरील लेट्रिलच्या प्रयोगाचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. रोग हटला नाही. काहींच्या रक्तात सायनाइडचे प्रमाण मात्र घातक पातळीच्या जवळ गेले. कडू बिया चावल्या की हेच विष पोटात सुटते.

गृहस्थ बराच वेळ गप्प होते. मग पुडी माझ्या मेजावर ठेवून त्यांनी विचारले, इंदूरची पहिली बस किती वाजता सुटते?